चांगा नेल मारे

डोंबिवलीला मोठागावच्या बंदरावर रेती काढणाऱ्यांत चांगा म्हात्रे म्हणून एक गडी आहे. त्याला सगळे 'मेल्या' म्हणतात. वैतागलेली बायको नवऱ्याला म्हणते तसं नव्हे. साधी हाक मारावी तसं. "मेल्या, बालदी दे इकरं." "मेल्या, जेवलास का?" तोही मुकाट ओ देतो. कुणा नवख्याला ते खटकलं, तर चांगा स्वतःच सांगतो, "अरे, खरोखरीचा मेलेलो मी. सहा-सात वरसां झाली. लोक जेवलेत माज्या बाराव्याला, वडं-बिडं खाऊन." आणि हसतो. हसला की वरचा ओठ मधोमध दुभंगलेला दिसतो आणि नवखा विषय बदलतो.

ही त्या मरणाची गोष्ट. आधीच सांगून ठेवलेलं बरं, की हिच्यात मारामारी फार आहे. चांगाच्या आयुष्यात शब्द कमी आणि हात जास्त, त्याला सांगणाऱ्यानं काय करावं?

चांगा मूळचा कळव्याचा. बाप जोमा म्हात्रे खाडीत डुबी मारायचा. डुबी म्हणजे काय, हे त्याच रेतीच्या घरात राहणाऱ्या ठाण्याच्या लोकांनाही ठाऊक नसतं. होडी खाडीत मधोमध उभी करायची, तळात एक लांब बांबू रोवायचा आणि तो बांबू धरून माणसानं लोखंडी बालदीसकट खाली जायचं. तीन-चार पुरुष पाणी. तळाला चाचपडत बालदी भरायची आणि दोराला दोन हिसके द्यायचे, की वरचे बालदी ओढून घेतात. मग आपण वर यायचं, चार श्वास घ्यायचे, पुन्हा खाली. दिवसाला शंभर वेळा. आणि हे सगळं डोळे गच्च मिटून. खाडीचं पाणी म्हणजे पातळ चिखल. डोळे उघडून दिसणार काय, कपाळ? उलट गाळ जाऊन डोळे सुजतात.

पण कळव्याच्या बंदरावर याचं कारण वेगळं सांगत. पाण्याखाली डोळे फक्त मेलेल्याचे उघडे असतात. खाडीत बुडालेलं माणूस वर काढलं की त्याचे डोळे सताड उघडे, हे सगळ्यांनी पाहिलेलं. तेव्हा जित्या माणसानं खाली डोळे उघडायचे म्हणजे मरणाला आपणहून आवतण द्यायचं. बारा वर्षांच्या चांगानं पहिल्याच दिवशी ते दिलं. वर आला तो डोळे लालबुंद. जोमानं काही विचारलं नाही. वल्ह्याच्या दांड्यानं त्याला होडीतच असा बडवला, की दोन बरगड्या मोडल्या. "खाली डोले उघरतंय तो मेला!" एवढंच तो फटक्यागणिक म्हणत होता. पोरावर माया होती त्याची, फार माया होती. पण मायेचा दुसरा प्रकार त्याला येत नव्हता.

तो प्रकार चांगानं बापाकडून पुरता उचलला. विशीला पोचेपर्यंत खाडीच्या दोन्ही काठांवर त्याचा हात न खाल्लेला गडी विरळा. धाकटा भाऊ सहदेव मात्र गरीब. त्याला कुणी टोकलं की चांगा अस्तन्या सारून पुढं. सहदेवानं पहिली डुबी मारली तेव्हा चांगा त्याच्याबरोबर खाली गेला होता, आपला पंजा त्याच्या डोळ्यांवर दाबून. न जाणो, पोरगं घाबरून डोळे उघडायचं.

दिवा गावची मालन त्याला बायको म्हणून आली ती सत्तेचाळीस साली. लग्नाला दोन महिने होतात न होतात तोच त्यानं तिच्या थोबाडीत दिली. मालननं चुलीजवळची फुंकणी उचलली आणि त्याच्या कानशिलावर अशी हाणली, की गडी मटकन खाली बसला. मग तो खदाखदा हसला. पुन्हा त्यानं तिच्यावर हात टाकला नाही. उलट तिच्या पायी वेडा झाला. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा पापण्या गाळानं चिकटलेल्या असायच्या. मालन त्याला ओट्यावर बसवायची, कोमट पाण्यानं पापण्या धुवायची, पदरानं टिपायची आणि म्हणायची, "उघर आता." तो डोळे उघडायचा. दिवसभराच्या काळोखानंतर पहिलं दिसायचं ते तिचं तोंड. त्या दोन शब्दांसाठी चांगा दिवस ढकलत असे.

पन्नास सालच्या उन्हाळ्यात एके दिवशी सहदेव डुबी मारून वर आला तो नाकातून रक्त वाहत. होडीच्या काठाला धरून खोकत होता. मुकादम गोविंदा काठाशीच उभा होता. "नाटकां करतंय," म्हणाला आणि त्यानं सहदेवाच्या बोटांवर टाच दिली. चांगा त्याच वेळी रेतीनं भरलेली बालदी ओढून घेत होता. ती त्यानं खाली ठेवलीच नाही. दोराला धरून गोफणीसारखी फिरवली आणि गोविंदाच्या जबड्यावर घातली. दात होडीच्या फळ्यांवर पडले, गोविंदा पाण्यात. त्याला बाहेर काढला तेव्हा त्याचा खालचा जबडा एका बाजूला लोंबत होता. माणूस जगला, पण पुढं पेजेवर.

आता पोलीस येणार हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती. चांगा तसाच ओल्या लंगोटीनं घरी गेला, सदरा चढवला. सहदेवाला म्हणाला, "हिला सांबाल." मालनला म्हणाला, "येतंय मी." ती म्हणाली, "कवा?" तोवर तो उंबरा ओलांडून गेला होता. मुंबईच्या गोदीत कळव्याचाच बाळ नावाचा एक ओळखीचा होता. त्यानं आठ दिवसांच्या आत त्याला एका मालवाहू जहाजावर कोळसा ओढायला चिकटवून दिला.

जहाजावरचं वर्ष भट्टीपुढं गेलं. फावड्यानं भट्टीच्या तोंडात कोळसा फेकायचा आणि शिफ्ट संपली की कुणाशी तरी भांडायचं. एकानं त्याच्या पाठीवर तापलेली सळई टेकवली, चांगानं त्याचा हात कोपरात उलटा फिरवून मोडला. अशा गोष्टी. मग एक्कावन्न सालच्या ऑगस्टात इटलीच्या नेपल्स बंदरात जहाजाच्या पंख्याचा दांडा तुटला. दुरुस्तीला दीड महिना लागणार होता. खलाशांना कामच उरलं नाही.

पहिल्याच आठवड्यात इंजिनियरच्या हातून मोठा पाना पाण्यात पडला. चांगानं धक्क्यावरून उडी घेतली, डोळे मिटून तळ चाचपला आणि अडीच मिनिटांनी पाना घेऊन वर आला. धक्क्यावर एक टकला, गोल पोटाचा गोरा माणूस उभा होता. तो टाळ्या वाजवायला लागला. हा ब्रूनो. धंद्यानं दातांचा डॉक्टर, आणि वर्षातून पंधरा दिवस सुटी काढून समोरच्या बेटावर पाण्याखालचे फोटो काढायचं त्याला खूळ. आपला चांगा दात पाडणारा, तो दात बसवणारा. जोडी जमायला हरकत नव्हती. ब्रूनोनं बोटं दाखवून, मोडक्या इंग्रजीत, पोटावर हात मारून कसंबसं समजावलं: मला तळाशी बसून राहणारा माणूस हवाय. मी वर तरंगायला लागलो की फोटो हलतो. तू मला खाली धरून ठेव. खलाशांचा मुकादम, सारंग, त्यानं हसून परवानगी दिली.

बेटावर ब्रूनोनं त्याला एक रबरी चौकट दिली. पुढं काच, मागं पट्टा. डोळे आणि नाक दोन्ही आत. तोंडात धरायला एक वाकडी नळी, तिचं टोक पाण्याबाहेर. उपडं तरंगायचं, नळीतून श्वास घ्यायचा, काचेतून खाली बघायचं. चांगानं काच चढवली, पाण्यात तोंड घातलं, आणि सवयीनं डोळे गच्च मिटून घेतले.

तसाच तरंगत राहिला. ब्रूनोनं खांद्यावर थापट्या मारल्या. डोळ्यांपुढं कोरडं होतं. पाणी शिवत नव्हतं. म्हणजे हे पाण्याखाली धरायचं की बाहेर? बापाचं वल्हं आठवून बरगड्या दुखल्या. शेवटी काचेच्या आत म्हणजे घरातच, असं स्वतःला समजावून त्यानं एक डोळा किलकिला केला.

खाली आठ पुरुषांवर तळ दिसत होता. तळावरचा गोटा न् गोटा. वाळूवर उन्हाची जाळी हलत होती. रुपेरी माशांचा एक थवा त्याच्या पोटाखालून गेला, एकदम वळला, सगळ्यांच्या कुशी एकदम चमकल्या. हिरवं गवत डुलत होतं. एका कपारीतून लांबोडकं तोंड बाहेर काढून एक वाम त्याच्याकडं टकमक बघत होती. तेरा वर्षं ह्या माणसानं पाण्याच्या तळाशी काढली होती, आणि तळ कसा दिसतो हे तो आज पहिल्यांदा बघत होता. चांगा रडला. काचेच्या आत पाणी साचलं, ते खारट होतं, आणि समुद्राचं नव्हतं.

मग तो काही वर येईना. ब्रूनोचा कॅमेरा म्हणजेही एक अजब प्रकरण होतं. शेकायची रबरी पिशवी कापून तिला पुढं जाड काच चिकटवलेली, आत कॅमेरा, आणि पिशवीबाहेरून बोटानं चाचपून खटका दाबायचा. बारा फोटो झाले की किनाऱ्यावर यायचं, पिशवी पुसून उघडायची, रीळ बदलायचं. चांगा ब्रूनोचे पाय धरून त्याला खडकाशी दाबून ठेवायचा आणि ब्रूनो मासे टिपायचा. दुपारी तोच ब्रूनो रबरी पट्ट्याची बंदूक काढून तेच मासे भाल्यानं भोसकायचा. सकाळी ज्याचा फोटो काढला तो दुपारी भाल्यावर तडफडताना बघून चांगाला कससंच व्हायचं. त्याला! जबडे तोडणाऱ्याला! एकदा आठ हातांचं माकूल भाल्यासकट ब्रूनोच्या हाताला वेढून बसलं, तेव्हा चांगानंच ते दातांनी डोक्यात चावून मारलं.

ब्रूनो पाण्याकडं हात करून म्हणायचा, "मारे!" म्हणजे दर्या. चांगाला मौज वाटायची. आपल्याकडं 'मारे' म्हटलं की डोकं फुटायचं. ह्यांचा दर्याच मारे.

दहाव्या दिवशी ब्रूनोला चांगाचाच फोटो काढायचा होता. चांगा तळाशी खडक धरून बसला. ब्रूनोला त्याच्या तोंडावरची ती रबरी चौकट फोटोत नको होती. हौशी माणूस, त्याला चित्र देखणं हवं. खुणा करून चांगा ऐकेना, तेव्हा ब्रूनो मागून आला आणि त्यानं ती सरळ उपटली. चांगाचे डोळे खाडकन मिटले आणि हात सुटले. आंधळ्यासारखं चाचपत त्यानं ब्रूनोचा गळा धरला आणि त्याला खडकावर दाबला. ब्रूनोची लाथ पोटात बसली, दुसरी बसली, मग लाथा ढिल्या पडल्या. तेव्हा कुठं चांगाला शुद्ध आली. त्यानं त्याला काखेत मारून वर नेलं. ब्रूनो होडीत पालथा पडून ओकला, गळ्यावर पाच बोटं उमटलेली. आणि मग तो वेडा माणूस हसायला लागला. चांगाच्या डोळ्यांकडं बोट दाखवून, पाण्याकडं हात पसरून, घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मारे, चांगा! मारे!" अरे, हा दर्या आहे, तुझी खाडी नव्हे.

दुसऱ्या दिवशी चांगानं आपणहून काच काढून ठेवली. दीर्घ श्वास घेऊन तळाला गेला, खडक धरला. वर उन्हाचा लोळ होता, तो पापण्यांतूनही कळत होता. "उघर आता," त्यानं मनात मालनच्या आवाजात म्हटलं. आणि उघडले. थोडं झोंबलं. सगळं धूसर, निळं. समोर ब्रूनोच्या पिशवीची काच एका ठिपक्यासारखी चमकत होती. चांगानं ठरवलं की ती मालन आहे, ओल्या पदरानिशी वाकलेली, आणि तिच्याकडं बघत राहिला. खटका वाजला. चांगा मेला नाही.

फोटो धुऊन आला तेव्हा खलाशी एकमेकांच्या खांद्यावरून बघत होते. केस वर तरंगताहेत, एक हात पसरलेला, भोवती मासे, डोळे सताड उघडे. चांगाला दुसरं काही नको होतं. हा कळव्याला जाऊ दे. मालनला कळू दे, की मी खाली डोळे उघडले आणि मला काही झालं नाही. जहाजावरच्या कारकुनानं घरचा पत्ता इंग्रजीत लिहून दिलेला होता, तो त्यानं ब्रूनोला दिला. ब्रूनोनं फोटोच्या पाठीवर झोकात तीन शब्द लिहिले आणि वाचून दाखवले: "चांगा नेल मारे." चांगा दर्यात. चांगानं ते चार वेळा घोकलं. पाकीट टपालात पडलं. लिहिलेलं सगळीकडं सारखंच वाचलं जात नाही, हे अक्षरशत्रू माणसाला कुठून ठाऊक असणार?

बावन्न सालच्या डिसेंबरात चांगा परत आला. अंगात जुना कोट, खांद्याला पिशवी, पिशवीत ब्रूनोनं दिलेली काच आणि नळी. भर सकाळी, ऊन पडलेलं असताना तो कळव्याच्या बंदरावर उतरला. समोरून म्हातारी बायजा मासळीची पाटी घेऊन येत होती. तिनं पाटी टाकली आणि किंचाळत पळाली.

मग पहिला दगड आला. दुसरा पिशवीवर बसला, आतली काच फुटल्याचा आवाज झाला. "भूत! मारा! गावात घुसू देव नका!" दहा-बारा जण वल्ही, बांबू, हातात येईल ते घेऊन धावले. चांगाला काही कळेना, पण मार म्हटल्यावर त्याच्या हातांना कळावं लागत नसे. एकाचं वल्हं हिसकावून त्यानं दोघांची टाळकी फोडली, तिसऱ्याचा गुडघा. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या रघुनं नेम धरून धोंडा मारला, तो कपाळावर बसला. रक्ताची धार डोळ्यांत उतरली.

"थांबा रं!" रघुच ओरडला. "भूताला रगात येत नाय!"

असा चांगा जिवंत ठरला. कुणीतरी शाळेतल्या हरिहर मास्तरांना बोलावून आणलं. "चांगा, अरे, तुझा फोटो आलेला ना," ते म्हणाले. "बुडालेल्या प्रेताचा. त्याच्या आदल्या वर्षीच पोलिसांनी खाडीतल्या एका बेवारस प्रेताचा फोटो ओळखीसाठी इथं फिरवला होता, अगदी तसाच. डोळे उघडे. आणि पाठीवर लिहिलेलंही होतं. रोमन अक्षरांत, पण मराठीच! जहाजावरच्या कुणी भल्या माणसानं लिहिलं असणार. मीच वाचलं सगळ्यांसमोर. चांगा, नेल, मरे. चांगाला नेलं, मेला."

"मारे," चांगा म्हणाला. "मरे नाय. मारे. मारे म्हंजे दर्या."

"लिहिलं एकच जातं रे ते. एम ए आर ई. मला कसं कळणार?"

चांगानं मास्तरांच्या मुस्काटात मारली. चष्मा चिखलात जाऊन पडला. आयुष्यभर पोरांना हातावर छड्या मारलेला तो म्हातारा गालावर हात धरून लहान पोरासारखा रडू लागला. खरं तर एकदा जहाजाच्या कचेरीला पत्र घालून विचारायचं होतं. पण जहाजाचं नाव कुणाला धड ठाऊक नव्हतं, आणि मास्तरांनी वाचलेलं चुकतं हे कळव्याला मान्य नव्हतं.

घरी भिंतीवर तोच फोटो. चौकटीत, हार घातलेला. चांगा स्वतःच्या उघड्या डोळ्यांसमोर उभा राहिला. त्याची आई तुळसा कोपऱ्यातून उठली, त्याला चाचपलं आणि गळ्यात पडून हंबरडा फोडला. त्यानं तिला बाजूला केलं.

"मालन कुठं हाय?"

त्यानं तिचे खांदे गदगदा हलवले.

"दर्भाचा पुतला करून जालला रे तुला," ती म्हणाली. "पोर जवान. बाहेर कुठं गेली असती. दिराशी पाट लावायची रीत नाय, पन पंच बोलले, घरातली घरात ऱ्हाऊ दे. सहदेवासंगं लावला."

चांगाची मूठ फोटोवर बसली. काच हातात घुसली. मागच्या दारात मालन उभी होती. हातात हिरवा चुडा, पोट पुढं आलेलं. तिनं तोंड उघडलं, पण चांगा ऐकायला थांबला नाही. पुढच्या दारानं बाहेर पडला तेव्हा त्याच्या डोक्यात एकच शब्द होता, 'मारे', आणि तो दर्याचा नव्हता.

सहदेवाची होडी काठापासून फार लांब नव्हती. ओहोटी लागलेली. चांगा कोटासकट पाण्यात शिरला आणि पोहत होडीला भिडला. होडीवरच्या दोघांनी त्याचं रक्तानं माखलेलं तोंड बघितलं आणि पलीकडं उड्या टाकल्या. इतक्यात बांबूपाशी पाणी फुटलं. सहदेव वर आला, डोळे पुसले, आणि वीतभर अंतरावर मेलेला भाऊ दिसला.

त्या गरीब माणसाला एकच लपायची जागा ठाऊक होती. त्यानं श्वास घेतला आणि पुन्हा डुबी मारली. चांगा त्याच्यामागं.

बांबूच्या बुडाशी त्यानं त्याला गाठला. केस धरून गाळात दाबला, छातीवर गुडघा दिला. सहदेवानं दोर पकडून हिसके दिले, दोन, पुन्हा दोन. पण ओढायला वर कुणी नव्हतं. चांगानं डोळे उघडले होते. मारायचं तर बघून मारायचं. गाळ सुयांसारखा आत गेला, आणि दिसलं काहीच नाही. ही खाडी होती. काळोखाला काळोख. सहदेवाचे हात त्याच्या छातीवर आपटत होते, मग ते हळूहळू थांबले. नाक दाबायला म्हणून चांगाचा हात भावाच्या गळ्यावरून वर सरकला, गालावरून वर, आणि त्याची बोटं डोळ्यांना लागली.

डोळे उघडे होते.

वल्ह्याचा दांडा बरगड्यांत बसावा तसं झालं त्याला. ह्याच पंजानं त्यानं हेच डोळे झाकून धरले होते, ह्याच तळाशी. चांगानं भावाला मिठी मारली आणि दोन्ही पाय तळावर आपटून वर उसळला.

काठावरच्या चिखलात त्यानं सहदेवाला पालथा घातला, पाठीवर बुक्क्या मारल्या. मारण्यातला तेवढा एकच प्रकार त्यानं आजवर केला नव्हता. काळं पाणी बाहेर पडलं, पुन्हा पडलं, मग रक्त, मग श्वास. सहदेवानं मान वळवली. डोळे इंगळासारखे लाल.

"तूच हायस," तो म्हणाला. "खाली डोले उघरले मी. तूच हाय का भूत, बगाया. कालोख होता सगला."

मालन गुडघाभर चिखल तुडवत पोचली. तिच्या एका हातात तो फुटक्या काचेचा फोटो होता. दुसऱ्या हातानं तिनं पडलेलं वल्हं उचललं आणि चांगाच्या तोंडावर मारलं. सगळ्या ताकदीनिशी. ओठ मधोमध फाटला. चांगा गुडघ्यांवर आला आणि तसाच राहिला. हात वर केले नाहीत.

"फोटू आला तवा मी बोल्ले," ती धापा टाकत म्हणाली, "यो मेलेला नाय. यो बगतंय. कोनाकरं तरी बगतंय. मेलेला मानूस असा बगतंय काय? एकली मी बोल्ले. मास्तर शिकलेला, मी अडानी. तुज्या आयशीनं केसाला धरून दारातशी फरफटवली मना, बांगऱ्या दगरावर फोरल्या. तीन महिने मी बोलत होते, तवर मना मारत होते. मंग मी गप झाले. यानं," ती सहदेवाकडं बघत म्हणाली, "यानं एकल्यानं हात नाय लावला. आता याचा पोर हाय पोटात."

तिनं फोटो त्याच्यासमोर धरला.

"एकदा खरा सांग मना. कोनाकरं बगत होतास?"

चांगाच्या तोंडात रक्त भरलं होतं. डोळ्यांत गाळ, पापण्या चिकटत आलेल्या. त्यानं रक्त थुंकलं नाही, गिळलं.

"तुज्याकरं," तो म्हणाला.

मालनच्या तोंडावरून काहीतरी सरकून गेलं. ती खाली वाकली. चांगाला वाटलं, पदर ओला करील. तिनं पदराचा शेव हातात घेतलाही, क्षणभर त्याच्या पापण्यांपाशी आणला. मग सहदेवाला मागं खोकल्याची उबळ आली आणि तिनं पदर परत खांद्यावर टाकला.

"मंग बगून झाला तुजा," ती म्हणाली. "आता डोले मीट."

जन्मात कुणाचं न ऐकलेल्या चांगानं तिचं ऐकलं. चिखलात गुडघे टेकून, रक्त गळत असताना त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. सहदेवाला उठवताना तिच्या बांगड्या वाजल्या, मग दोघांची पावलं चिखलात चुबकत काठाकडं जाऊ लागली. ती दोघं बांध चढून पलीकडं उतरेपर्यंत, आणि बांगड्यांचा आवाज पुरता थांबेपर्यंत, त्यानं ते उघडले नाहीत.